नाव एकाचे, हात दोघांचे

नातीला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि शरीररचनेचे कोणते पुस्तक घ्यावे, यावर घरात खल सुरू झाला. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चे नाव निघताच मला हेन्री ग्रे आठवला.

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधला हा हुशार शल्यविशारद पंचविशीतच रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८५८ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टरची. हाड असो वा रक्तवाहिनी, तिचे नाव चित्रातच, तिच्या अंगावर लिहिलेले! विद्यार्थ्यांनी हेच पुस्तक निवडले, त्याचे हे मोठे कारण.

ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे. कार्टरला एकदाच दीडशे. शीर्षकपृष्ठावरचे कार्टरचे नावही ग्रेने लहान टाइपात करायला लावले. बँकेत खतावण्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या मला हा हिशेब खटकतो.

पण हाच ग्रे १८६१ साली देवी आलेल्या पुतण्याच्या उशाशी बसला. पुतण्या वाचला, ग्रे ऐन चौतिशीत गेला. कार्टर तेव्हा आपल्या मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता.

नातीला मी ग्रेच घेऊन दिला. पहिल्या पानावर मात्र दोघांची नावे लिहिली, सारख्याच अक्षरात.