विश्लेषण : सेनापती बापट मुळशीत हरले, पण त्यांचा प्रश्न का उरला?

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट यांच्या नावाने मोठे रस्ते आहेत. पण ते कोणत्या सैन्याचे सेनापती होते? ती पदवी त्यांना मुळशी खोऱ्याने दिली. गावाची जमीन, डोंगर आणि पाणी यांचा निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी तिथे लढा झाला. हा प्रश्न आजच्या वनहक्कांच्या चर्चेतही मध्यवर्ती आहे.

सेनापती बापट कोण होते?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेरला झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला गेले. एडिनबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकत होते. तिथे त्यांनी ब्रिटिश राजवटीविरोधात जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली.

पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांचा श्यामजी कृष्ण वर्मा आणि सावरकर यांच्याशी संबंध आला. पॅरिसला जाऊन त्यांनी बॉम्ब बनवण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. अलीपूर बॉम्ब प्रकरणानंतर ते भूमिगत झाले, १९१२ मध्ये पकडले गेले आणि १९१५ मध्ये सुटले.

सुटकेनंतरचे बापट वेगळे दिसतात. पारनेरमध्ये हातात झाडू घेऊन ते गावाचे रस्ते साफ करत. १९२० मध्ये मुंबईतील सफाई कामगारांच्या संपात ते उतरले. मुळशीत पाऊल ठेवण्याआधीच वंचितांसोबत उभे राहण्याची वाट त्यांनी धरली होती.

मुळशीत नेमके काय घडत होते?

मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटा समूहाचा लोणावळा-खोपोली प्रकल्प १९१५ पासून सुरू होता. पुढचा टप्पा म्हणून निळा आणि मुळा या नद्यांवर मुळशीला धरण बांधायचे ठरले.

यामागचे तंत्र समजायला सोपे आहे. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेला वाहते. ते भीमेत, मग कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पण मुळशीच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. धरणाने पाणी अडवून ते पश्चिमेकडे वळवले, की सुमारे ५०० मीटरची उंची आयती मिळते. एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आले, तर त्यातून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.३६ युनिट वीज मिळू शकते. आज कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात, ते भिरा वीजकेंद्रातून कुंडलिकेत सोडलेल्या याच पाण्यावर.

अभियंत्याच्या नजरेने जागा उत्तम होती. अडचण एवढीच, की खोऱ्यात माणसे राहत होती.

मावळ्यांचे काय जाणार होते?

पन्नासहून अधिक गावांवर पाणी येणार होते. तळाला भाताची खाचरे होती आणि इथला आंबेमोहोर नावाजलेला होता. उतारावर नाचणी आणि वरी पिकायची. त्यावरच्या रानातून सरपण, गवत, झाडपाल्याची औषधे आणि घरासाठी लाकूड मिळायचे. शिवाय गावोगावी देवराया होत्या. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, असा गावाचा दंडक असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे जंगल विरळ झाले तरी देवरायांत जुनी, दुर्मीळ झाडे टिकून होती.

खाचर, माळ, रान आणि देवराई हे सगळे मिळून एकच व्यवस्था होती. तळची जमीन गेली, की शेतीचा भार डोंगरउतारावर येतो आणि उतारावरचे रान कमी होते. नुकसानभरपाईच्या हिशेबात मात्र फक्त सातबाऱ्यावरची जमीन मोजली जायची. रानावरच्या वहिवाटीला किंमत नव्हती.

जंगलाबाबतची ही तक्रार जुनीच होती. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याच्या जाचाविषयी लिहिले होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांत चराई आणि सरपणावर बंधने आली होती. मुळशीत त्यावर धरणाची भर पडली.

सरकारने जमीन कोणत्या कायद्याने घेतली?

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने. सार्वजनिक हिताचे कारण दाखवून खासगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची सोय त्यात होती. हित कशात आहे, हे सरकार ठरवणार. शेतकऱ्याला भरपाईच्या रकमेवर भांडता येत होते, पण जमीन द्यायला नकार देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

सत्याग्रह कसा झाला?

१६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमी होती. त्या दिवशी सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबले. लढ्याला पुण्यातील पुढाऱ्यांचा पाठिंबा होता आणि महात्मा गांधी यांनीही ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले.

मुदत संपली आणि वर्षअखेर काम पुन्हा सुरू झाले. मग अटकसत्र चालले. बापट आणि त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे लढ्याच्या आघाडीवर होते. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनाही तुरुंगवास झाला. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. बापट लढ्यासाठी गीते रचत आणि गावोगाव फिरत. याच काळात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले.

लढा का हरला?

याचे उत्तर फक्त सरकारी दडपशाहीत सापडत नाही. लढ्याचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आतल्या दुफळीवर बोट ठेवले आहे. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारे मावळे कुळे किंवा कर्जदार होते. भरपाईचा दर वाढला, तसा जमीनमालकांचा विरोध मावळत गेला. पैसे मालकाला मिळणार होते आणि विस्थापन कुळाच्या वाट्याला येणार होते. एकाच लढ्यात उतरलेल्या दोन गटांचे हित वेगळे होते.

दुसरा वाद साधनांचा होता. बापटांची सत्याग्रहाची कल्पना गांधींसारखी नव्हती. अन्यायाविरुद्ध प्रसंगी शस्त्रही चालेल, अशी त्यांची धारणा होती आणि तिला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. लढा जवळजवळ संपला असताना, डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड टाकून, हाती शस्त्र घेऊन अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ज्या लढ्याचे बळ हजारभर लोकांच्या बैठकीत होते, त्याचा शेवट मोजक्या माणसांच्या कृतीने झाला.

१९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. तेव्हा बापट तुरुंगात होते.

पुढे बापटांचे काय झाले?

ते १९३१ मध्ये सुटले. ते आत असतानाच, १९३० मध्ये महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटला होता. पुसदला लोकनायक अणे यांनी कायदा मोडून गवत कापले. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला. रानावर गावाचा काही हक्क आहे की नाही, हा मुळशीतला प्रश्न आता राज्यभर विचारला जात होता.

सुटकेनंतरही बापटांचे तुरुंगाशी नाते तुटले नाही. १९३१ मध्येच एका भाषणासाठी त्यांना पुन्हा शिक्षा झाली. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी ना. ग. गोरे यांच्यासोबत सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते सीमेपार गेले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कायदा काय सांगतो?

- भूसंपादन : १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास आता ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. कुळे आणि शेतमजूर यांचीही बाधितांत गणना होते. मुळशीत नेमके हेच नव्हते.
- वनहक्क : २००६ च्या कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो. आदिवासींखेरीज इतर वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतः बांबूविक्रीचे निर्णय घेऊ लागले.
- ग्रामसभेचा नकार : ओडिशातील नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो मान्य झाला.

मुळशीसाठी याचा अर्थ काय?

विस्थापित गावाला वनहक्क मागताना रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो, पण जुने गावठाण पाण्याखाली गेलेले असेल तर तो जमवणे कठीण होते. दुसरीकडे ताम्हिणीचे रान २०१३ मध्ये अभयारण्य झाले. शेकरूचा हा अधिवास वाचायला हवा, यावर दुमत नाही. पण रान राखायचे कोणी, हा मुद्दा उरतो. महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत. त्यांत गावाला सहभाग मिळतो, मात्र अंतिम शब्द बहुतेकदा वनखात्याचा असतो. वनहक्क कायदा एक पाऊल पुढे जाऊन राखण्याचा अधिकारच ग्रामसभेला देतो.

मुळशीच्या लढ्यातून आजच्या ग्रामसभांनी घ्यावा असा धडा व्यवहाराचा आहे. संमती मोजताना ज्यांच्या नावावर जमीन आहे तेवढेच मोजले, तर कसणारे, गुरे चारणारे आणि सरपण गोळा करणाऱ्या बायका पुन्हा बाहेर राहतात. ग्रामसभेच्या हजेरीपटावर त्यांचीही नावे आहेत का, हे तपासायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.