सोनाराची बासरी

सोने तारण ठेवून कर्ज देणाऱ्या शाखांमध्ये माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यामुळे सोनार या माणसाबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. गुंजभर फरक काट्याला कळायच्या आधी ज्याच्या बोटांना कळतो असा हा माणूस. आजची पाश्चात्त्य बासरी, म्हणजे वाद्यवृंदात दिसणारा तो चकचकीत फ्लूट, एका सोनाराने घडवला हे जेव्हा मी वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. दुसऱ्या कुणाला ते जमलेच नसते, असे मात्र वाटून गेले.

थिओबाल्ड बोएम त्याचे नाव. ९ एप्रिल १७९४ रोजी जर्मनीतल्या म्युनिक शहरात एका सोनाराच्या घरी तो जन्मला. घरची विद्या तो वडिलांच्या हाताखाली शिकला आणि लहान वयातच पारंगत झाला. पण मनात बासरी शिरली होती. १८१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने एका नावाजलेल्या कारागिराची चार कळांची बासरी समोर ठेवून तशीच स्वतः बनवली. म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदातल्या कापेलर नावाच्या वादकाकडे त्याची शिकवणी सुरू झाली आणि १८१२ मध्ये तो इसारतोर नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात मुख्य बासरीवादक झाला. १८१८ पासून थेट राजदरबारच्या वाद्यवृंदात. गावोगावी दौरे, नाव, मानमरातब, १८२८ मध्ये स्वतःचा बासऱ्यांचा कारखाना. मध्यमवर्गीय हिशेबाने पाहिले तर तिशी-पस्तिशीत माणसाचे सगळे मार्गी लागले होते.

इथवर येऊन कुणीही थांबला असता. पण १८३१ साली तो लंडनला गेला आणि तिथे त्याने चार्ल्स निकोलसन या इंग्रज वादकाची बासरी ऐकली. निकोलसनच्या बासरीची भोके नेहमीपेक्षा मोठी होती आणि त्याच्या धिप्पाड हातांना ती झेपत होती. त्यातून निघणारा भरदार नाद आपल्या बासरीतून कधीच निघणार नाही, हे बोएमला तिथल्या तिथे उमगले. हात काही बदलता येत नाहीत. मग बासरी बदलायची, असे त्याने ठरवले.

इथे वाचकांनी थोडे थांबून बासरीची अडचण समजून घ्यावी. जुन्या बासरीची भोके जिथे बोटे पोचतात तिथे पाडलेली असत. स्वराला मात्र भोक दुसरीकडे हवे असते. त्यामुळे काही स्वर खणखणीत, काही घुसमटलेले, काही सुरात आणण्यासाठी फुंकीची कसरत. बोएमने उलटा विचार केला. भोके नादशास्त्र सांगेल तिथे पाडायची. बोटे पोचत नसतील तर त्यांच्यासाठी यंत्र करायचे. १८३२ साली त्याने जी बासरी केली तिच्यात भोकांभोवती धातूची वळी होती. बोटाने भोक झाकले की वळे खाली जाई आणि दांडीला जोडलेले दूरचे भोकही बंद होई. नऊ बोटांनी त्याहून जास्त भोकांचा कारभार चालू लागला. घड्याळजीचे आणि सोनाराचे हे काम.

त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. नव्या बासरीवर बोटांची ठेवण वेगळी. म्हणजे अडतिसाव्या वर्षी, नावारूपाला आलेल्या वादकाने पुन्हा पाटी कोरी करून सरगमपासून बसायचे. बँकेत संगणक आले तेव्हा पन्नाशीतल्या सहकाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. या माणसाने ते संकट स्वतःहून ओढवून घेतले.

शिवाय आरोप आले ते वेगळेच. फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या स्विस पलटणीतला कॅप्टन गॉर्डन हाही बासरी सुधारण्याच्या नादी लागला होता. १८३०च्या राज्यक्रांतीत त्याची नोकरी गेली. पुढे बिचाऱ्याचे मानसिक संतुलनही गेले. बोएमने आपली कल्पना गॉर्डनकडून उचलली असा गवगवा पॅरिसमध्ये झाला आणि हा वाद बोएमच्या पश्चातही पुस्तकांतून धुमसत राहिला. गॉर्डनला बोएमने म्युनिकमध्ये आपला कारखाना वापरायला दिला होता, ही गोष्ट या गदारोळात फार थोड्यांनी लक्षात घेतली.

मधली काही वर्षे बोएम बासरीपासून दूर, बव्हेरियाच्या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या सुधारणेत गुंतला. त्या कामाबद्दल राजाने त्याला सन्मानचिन्हही दिले. पण मूळ प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. पन्नाशी ओलांडल्यावर तो प्राध्यापक शाफहॉयट्ल यांच्याकडे नादशास्त्र शिकायला गेला. तऱ्हेतऱ्हेच्या नळ्या करून त्यांतून हवा फुंकून पाहिल्या आणि १८४७ मध्ये दुसरी बासरी जगापुढे ठेवली. आता अंग सरळ नळकांडे, सुमारे १९ मिलिमीटर व्यासाचे. निमुळते होते ते फक्त डोके. भोके इतकी मोठी, १३ मिलिमीटरच्या घरात, की बोटाच्या पेराने ती भरवशाने झाकणे कठीण. म्हणून प्रत्येक भोकावर आतून गादी लावलेले धातूचे झाकण आले. बोट झाकणावर, झाकण भोकावर. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदके मिळाली.

या क्षणी बासरीच्या इतिहासात एक गोष्ट घडली. हजारो वर्षे बोटाच्या कातडीला लागणारा वारा नाहीसा झाला. आपल्याकडे पन्नालाल घोष यांनी लांब वेळूची बासरी मैफलीत आणली, तिच्यातली मींड निघते कशी? बोट भोकावरून हळूच सरकते म्हणून. झाकणावर ती सोय नाही. ते उघडे तरी असते नाही तर बंद.

बोएमने फ्रान्समधले हक्क गोदफ्रुआ आणि लुई लो या पॅरिसच्या कारागिरांना दिले होते. त्यांनी बोटांखाली येणाऱ्या पाच झाकणांना मधोमध भोके पाडली. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. इथे सोनाराच्या लेकीचे कान परक्यांनी टोचले. बोट भोकाच्या नेमके मध्यभागी पडले नाही तर हवा निसटते आणि वादकाची चूक लगेच ऐकू येते. बदल्यात वाऱ्याचा स्पर्श परत मिळाला. तिथल्या संगीतविद्यालयात तुलू हे प्राध्यापक नव्या बासरीला अखेरपर्यंत विरोध करत राहिले (ते स्वतः जुन्या पद्धतीच्या बासऱ्या बनवून विकत, हेही ध्यानात ठेवावे). १८६० मध्ये त्यांच्या जागी दोर्यूस आले आणि चित्र पालटले. फ्रेंच शाळेचा दबदबा पुढे इतका वाढला की भोकांची झाकणे हीच पट्टीच्या वादकाची खूण ठरली. याच दोर्यूसनी एका स्वराची कळही बदलली. बोएमला ती एरवी उघडी राहणारी हवी होती. आज बहुतेक बासऱ्यांवर ती मिटलेली असते.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीसाठी फ्लूट घ्यायचा म्हणून तिच्या आईने मला विचारले, उघड्या भोकांचा घ्यावा की बंद? मी वादक नाही, पण वाचले होते त्यावरून सांगितले. लहान बोटांना बंद झाकण बरे. सूर लवकर लागतो, मूल कंटाळत नाही. उघड्या भोकांची बासरी हाताला शिस्त लावते, स्वर सरकवण्याची आणि पाव स्वर काढण्याची मुभा देते. आधुनिक संगीतात ते लागते. घाई झाली तर भोकांना घालायची छोटी बुचे मिळतात. नाद कुठला चांगला, यावर जाणकारांचे एकमत नाही. नळी आणि फुंक यांचाच त्यात मोठा वाटा.

बोएम स्वतः म्हातारपणी चार स्वर खालच्या, खर्जाच्या बासरीत रमला. शिष्यांना शिकवत राहिला. १८७१ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपल्या वाद्याचे सगळे मर्म पुस्तकात मांडले: मापे, भोकांच्या जागा काढण्याची रीत, दुरुस्ती कशी करावी, सगळे. धंद्याचे गुपित म्हणून काही मागे ठेवले नाही. खुद्द जर्मनीत जुन्या बासऱ्या अजून वाजतच होत्या. २५ नोव्हेंबर १८८१ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, तो म्युनिकमध्येच गेला.

त्याच्या बासरीत फेरफार करायला कुणी त्याची परवानगी विचारली नाही. झाकणांना भोके पडली, कळ मिटली. पण शाळकरी मुलांच्या हाती येणाऱ्या बासरीवर बहुधा त्याचीच बंद झाकणे असतात आणि बड्या वादकांच्या बासरीवर पॅरिसची भोके. दोन्हींच्या आतली सरळ नळी मात्र त्याने १८४७ साली मोजून ठरवली तशीच, जवळजवळ जशीच्या तशी आहे.