न्याहारीचा ताळेबंद

१८९० च्या सुमाराची गोष्ट. लंडनमधल्या भाड्याच्या एका खोलीत काठेवाडचा एक विशीतला विद्यार्थी रोज सकाळी स्टोव्ह पेटवीत असे. आधी ओटची लापशी शिजवायची, मग कोकोसाठी पाणी उकळायचे. वीस मिनिटांत न्याहारी तयार. दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा खोलीवर पाव आणि कोको. दिवसाचा खाण्याचा खर्च सव्वा शिलिंग, म्हणजे पंधरा पेन्स. या विद्यार्थ्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

आज आपल्या घरांत सकाळी दुधाच्या वाटीत चॉकलेटच्या चवीचे काहीतरी कुरकुरीत पडल्याशिवाय नातवंडे शाळेत जात नाहीत. पाकिटावरची साखर वाचून सुनेच्या कपाळाला आठ्या पडतात आणि हेच साखरेवाचून घरी करता येईल का, असा प्रश्न निघतो. धान्य आणि कोको ही जोडी आपल्याला अगदी आजची वाटते. पण ती गांधीजींच्या वाटीत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी होती. पुढे त्या वाटीतले धान्य राहिले, कोको मात्र गेला. तो का गेला, हे पाहू लागलो की या माणसाचे सगळे आयुष्य न्याहारीच्या वाटीतून दिसू लागते.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास मुंबईहून बोटीत बसला तेव्हा आई पुतळीबाईंना मांस, मदिरा आणि स्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन देऊन बसला होता. हे वचन लंडनमध्ये फार महाग पडले. रिचमंडमध्ये एका स्नेह्याकडे राहताना सकाळची ओटची लापशी तेवढी पोटभर मिळे. दुपारी आणि रात्री पोरगा अर्धपोटी उठे. भिडस्त स्वभाव, पावाचा आणखी एक तुकडा मागायची लाज. असे दिवस काढत असता एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी भोजनगृह सापडले. तिथेच त्याने एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक विकत घेतले. तोवर आईच्या शब्दाखातर मांस न खाणारा मुलगा त्या पुस्तकामुळे स्वतःच्या विचाराने शाकाहारी झाला.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे या काळातली एक गोष्ट मला फार भावते. हा मुलगा पैन् पैचा हिशेब लिही. बसभाडे असो, टपालाचे तिकीट असो की वर्तमानपत्रासाठी दिलेली दोन नाणी. रोज रात्री झोपण्यापूर्वी किर्द पुरी करून शिल्लक जुळवायची. आपण वडील भावाच्या पैशावर शिकतो आहोत, हे त्या हिशेबाने त्याला दाखवले. मग दोन खोल्यांची एक झाली, गाडीभाडे वाचवून रोज आठ-दहा मैल चालणे सुरू झाले आणि खोलीत स्टोव्ह आला. घरून येणारी मिठाई आणि मसाले त्याने बंद केले. चहा-कॉफी अपायकारक आणि कोको बरा, असे मानणारे लोक तेव्हा तिथे होते. त्यांचे ऐकून चहा-कॉफीही जवळजवळ सुटली आणि कोको आला. गांधीजींच्या न्याहारीच्या वहीत पहिला रकाना पडला तो असा, खर्चाचा. त्याला लागूनच दुसरा, शरीराच्या गरजेचा.

साखरेचा वाद त्याच सुमारास अमेरिकेतही चालू होणार होता. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी धान्याचे निरनिराळे प्रयोग करीत. १८९४ साली त्यांना आणि धाकटे बंधू विल यांना शिजवलेल्या धान्याच्या कुरकुरीत पापड्या साधल्या. डॉक्टरांना साखरेचे वावडे. धाकट्याला धंद्याची दृष्टी. १९०६ साली विल यांनी स्वतःची कंपनी काढली, पापड्यांत साखर घातली, आणि दोघे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात भांडत राहिले. विकली गेली ती धाकट्याची गोड न्याहारी. बरोबर शंभर वर्षांनी, १९९४ मध्ये, तिने तळोज्याच्या कारखान्यातून आपल्या घरांत पाऊल टाकले.

गांधीजींनी धंद्याची वाट धरली नाही. ते जात्याकडे वळले. जोहान्सबर्गला वकिली उत्तम चालत असताना त्यांनी सात पौंड देऊन हातचक्की घेतली. तिचे लोखंडी चाक एकट्याला झेपत नसे. मग गांधीजी, त्यांचे सहकारी पोलाक आणि मुले मिळून दळत. कोंड्यासकट पीठ, त्याची घरी भाजलेली भाकरी. आपल्याकडे पहाटेचे दळण बाईच्या वाट्याला आले होते. इथे भरभराटीतला बॅरिस्टर जाते ओढीत होता.

याच आफ्रिकेत वहीला तिसरा रकाना पडला. कोकोचा मोठा पुरवठा तेव्हा पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून होई. अंगोलातून नेलेले मजूर तिथे नावाला करारावर, पण खरे तर गुलामीत राबत. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने तिकडे प्रवास करून १९०६ साली त्याचे पुस्तक काढले. इंग्लंडचे मोठे चॉकलेटवाले क्वेकर पंथाचे, गुलामीविरुद्ध बोलणारे. त्यांनी या बेटांचा कोको घेणे थांबवले ते १९०९ मध्ये. ठाऊक असूनही उशीर केला, असे एका वृत्तपत्राने लिहिले तेव्हा कॅडबरी कंपनी बेअब्रूचा दावा लावून कोर्टात गेली आणि जिंकली. ज्युरीने भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! निकाल बाजूने आणि अब्रूची किंमत पाव पेनी, असा हा हिशेब होता.

१९१३ साली गांधीजींनी इंडियन ओपिनियनमध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत एके काळी स्वतः रोज प्यायलेल्या कोकोचा हिशेब त्यांनी पुन्हा मांडला. मळ्यांवरच्या हबशी मजुरांचे हाल डोळ्यांनी पाहिले तर कोको घशाखाली उतरणार नाही, असा त्यांचा सांगावा होता. पेय शरीराला काय करते, हा प्रश्न होताच. ते कोणाच्या घामातून आले, हा नवा. नुसते सोडा म्हणून ते थांबले नाहीत, पर्यायही दिला. गहू तव्यावर लालसर काळपट होईपर्यंत भाजायचे, दळायचे आणि चमचाभर पूड उकळत्या पाण्यात घालून प्यायची. भाजणीचा वास ज्या घरात दरवळतो, त्या घराला ही कृती परकी वाटू नये. भाजलेल्या धान्याला जो कडवट खमंगपणा येतो, तो कोकोच्या जवळचाच.

१९१० साली हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या अकराशे एकरांवर टॉल्स्टॉय फार्म उभे राहिले. तिथे या दोघांनी शिजवलेले अन्नच सोडले. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्हचे तेल एवढाच आहार. मी नोकरीची काही वर्षे अर्धापूरच्या शाखेत काढली, त्यामुळे ही यादी वाचताना केळ्यापाशी थांबतो. इसापूरच्या पाण्यावर पोसलेल्या अर्धापूरच्या केळीबागांवर आम्ही कर्जे दिली, वसूल केली. पण घरच्या न्याहारीत मुलांना त्या केळ्यापेक्षा पाकीटच मोठे वाटू लागले, हे आमच्याच डोळ्यांदेखत घडले.

गांधीजींच्या प्रयोगांना मात्र आंधळेपणाने मान डोलावू नये. त्यातले काही त्यांच्या जिवावर बेतले होते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात हिंडताना ते शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहिले आणि प्रकृती ढासळली. साबरमतीच्या आश्रमात काही सण होता. आज जेवणार नाही, असे सांगूनही कस्तुरबांनी केलेल्या गव्हाच्या गोड लापशीपुढे त्यांचा निग्रह टिकला नाही. दूधदुभते न घेण्याचे व्रत, म्हणून तिने तुपाऐवजी तेल घातले होते, सोबत वाटीभर मूग राखून ठेवले होते. तासाभरात आमांशाने गाठले आणि माणूस मरणाच्या दारी जाऊन आला. पुढे वाट काढली तीही कस्तुरबांनीच. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत, असे त्यांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले आणि व्रताचा शब्द पाळला पण अर्थ मोडला, ही रुखरुख जन्मभर बाळगली. १९२९ मध्ये न शिजवलेल्या धान्याचा प्रयोग केला, तोही अंगावर आला. प्रयोग फसला की तसे छापून मोकळे व्हायचे, हा त्यांचा रिवाज. बुडीत खाते लपवून ताळेबंद सजवणारे मी खूप पाहिले आहेत. हा माणूस त्यांतला नव्हता.

आयुष्याची पुढची बरीच वर्षे त्यांनी आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत काढली. १९३४ अखेर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली जाते, तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ यांचे प्रयोग चालत. १९३५ मध्ये तिथल्या पंगतीत सोयाबीनही आले आणि गांधीजींनी हरिजनमधून त्याची माहिती दिली. आज लातूर-नांदेडची शिवारे ज्या सोयाबीनने भरलेली असतात, त्याची चव वर्ध्याच्या पंगतीने इतकी आधी घेतली होती. १९३६ मध्ये ते शेगावी राहायला गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले.

मग १९४२ आले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले. पुत्रासारख्या सहकाऱ्याच्या चितेनंतर दोन आठवडे होण्याच्या आत, २८ ऑगस्टला, गांधीजी आरोग्यावर लिहायला बसले आणि १८ डिसेंबरला ते छोटेखानी पुस्तक पुरे झाले. बैठे काम करणाऱ्यासाठी रोजचा आहार त्यात मोजून दिला आहे: दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, भाज्या, तूप, गूळ किंवा साखर दीड औंस. चहा, कॉफी आणि कोको पुन्हा बाजूला. पण सगळ्यांत कठोर भाग आहे तो गोडाबद्दल. करोडोंना साधे पोटभर अन्न नसताना मिठाया झोडणे ही त्यांच्या लेखी चोरी होती. शरीराचा आणि माणुसकीचा रकाना इथे एकाच बेरजेत येतो. त्याच वाड्यात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी गेले तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्याच अमलाखाली होता.

आता पुन्हा सुनेच्या प्रश्नाकडे येऊ. हे घरी करता येते आणि सोपे आहे. एक चांगले पिकलेले, सालीवर ठिपके आलेले केळे कुस्करावे. त्यात दोन चमचे साखरविरहित कोको, दोन चमचे शेंगदाण्याचे बारीक कूट, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ कालवावे. या मिश्रणात दोन वाट्या ज्वारीचे पोहे, नाहीतर ओट, हलक्या हाताने घोळवावेत. ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये दीडशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, मधून हलवत, भाजावेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई आणि मंद आच. गार झाले की कुरकुरीत होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस राहतात. कोको नको असेल तर गांधीजींची गव्हाची भाजकी पूड घालून पाहावी. आणि एवढाही खटाटोप नको असेल तर ज्वारीच्या लाह्या आणि सातूचे पीठ आपल्या आज्यांनी शोधून ठेवलेच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवे. केळ्यातही साखर असते. वरून घातलेली नाही, एवढाच फरक. मधुमेह्याने वाटी मोजूनच घ्यावी. गूळही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर, मध आणि तत्सम गोडवा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितले. गूळ त्यातच धरायचा. गांधीजींचा दीड औंस म्हणजे बेचाळीस ग्रॅम. त्या आकड्यात आज दुरुस्ती करावी लागते, आणि प्रयोग करणाऱ्या त्या माणसाने ती आनंदाने करून घेतली असती.

राहिला तिसरा रकाना. शिकागो विद्यापीठाशी निगडित संशोधन संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांच्या कोको पिकवणाऱ्या भागांत पंधरा लाखांहून अधिक मुले कोकोच्या कामात होती. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांतही कोको पिकतो. डबा घेताना तो कुठून आला एवढे पाहणे, माहीत नसेल तर दुकानदाराला विचारणे, हे काही अवघड नाही. नातवासाठी आपण साखर टाळतो ती त्याच्या दातांची, पोटाची काळजी म्हणून. त्याच्याच वयाचे दुसरे कुणी त्या वाटीसाठी राबले आहे का, हा प्रश्नही त्याच काळजीचा भाग आहे. गांधीजींनी तो १९१३ मध्ये विचारला. उत्तर समाधानकारक मिळाले नाही, म्हणून वाटीतला कोको सोडला आणि गहू भाजायला घेतले.