डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर आणि अणुचाचण्या

डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सास प्रांतात एका पाळकाच्या घरी झाला. स्वतः पाळक, ईश्वरविज्ञानाचे अध्यापक व नामांकित ऑर्गनवादक असूनही तिसाव्या वर्षी ते वैद्यकी शिकू लागले. १९१३ साली आफ्रिकेत लांबारेने येथे त्यांनी रुग्णालय उभारले. १९५२ सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाची रक्कम त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावली.

राजकीय वादांत ते सहसा पडत नसत. परंतु अणुचाचण्यांची विषारी धूळ गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत उतरते हे समजल्यावर त्यांच्यातील वैद्याला स्वस्थ बसवेना. २३ एप्रिल १९५७ रोजी ऑस्लो नभोवाणीवरून चाचण्या थांबविण्याचे त्यांचे आवाहन जगाने ऐकले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे विलर्ड लिबी यांनी धोका किरकोळ असल्याचे जाहीर उत्तर दिले. श्वाइट्झर मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांची आणखी तीन आवाहने प्रसृत झाली.

१९६३ च्या कराराने वातावरणातील चाचण्यांना बंदी झाली. भूमिगत चाचण्या मात्र चालूच राहिल्या. ४ सप्टेंबर १९६५ रोजी लांबारेने येथेच ते निवर्तले. जगात आजही सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. त्यांनी हाती घेतलेले काम अर्धेच झाले आहे. उरलेले आपल्याकडे आले आहे.