जय भीम देणारे बाबू हरदास आणि आपल्या वस्तीचे आरोग्य

खाप्याजवळून वाहणारी कन्हान पुढे कामठीला जाते. तिथे त्याच नदीच्या काठी बाबू हरदास यांची समाधी आहे. १२ जानेवारीला त्यांच्या स्मृतिदिनी आपण अभिवादन करतो, जय भीम म्हणत एकमेकांना भेटतो. पण हे अभिवादन रूढ करणारा माणूस अवघा ३५ वर्षे आणि सहा दिवस जगला, क्षयाने गेला, ही गोष्ट भाषणांत ओझरतीच येते. आम्हाला यंदा तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा, कामठीचा. वडील रेल्वेत कारकून. शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत झाले, आणि त्या काळी आपल्या समाजात मॅट्रिक होणे म्हणजे गावाला सांगण्यासारखी गोष्ट. १९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी महारठ्ठा नावाचे साप्ताहिक काढले.

कामठी ही लष्करी छावणीची. आपल्या लोकांना मात्र १८९२ नंतर लष्करभरतीचे दार बंद झाले होते. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. त्याच सुमारास या तरुणाने विखुरलेली पोरे गोळा करून महार समाज पथक उभे केले. अत्याचार झाला तर धावून जाणारे स्वयंसेवक, हा त्यामागचा हेतू. पथक म्हणजे काही व्यायामशाळा नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण वाकून चालायची सवय लावलेल्या समाजातली पोरे रांगेत ताठ उभी राहिली, ही शरीराचीही गोष्ट होती.

त्यांचे सगळ्यात दुर्लक्षित काम विडी कामगारांमधले. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर तेंदूपत्ता आणि तंबाखूची धूळ. कामात पाय हलत नाहीत, बोटे थांबत नाहीत. त्यावर ठेकेदार मजुरी कापणार. हरदासांनी कामगारांना संघटित केले, सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू करून ठेकेदाराला पर्याय दिला. बायकांसाठी महिला आश्रम काढला, कामठीत रात्रशाळा चालवल्या, संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय उघडले. आज कोणी याला आरोग्याचे काम म्हणणार नाही. आम्ही म्हणू. दोन पैसे जास्त मिळाले की ताटात डाळ येते, आणि क्षयाला पहिला अडसर तोच.

पुढचा राजकीय प्रवास वाचकांना ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे काम, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवड. आणि १२ जानेवारी १९३९ ला मृत्यू. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. चार वर्षांचा फरक.

आता खाप्याकडे येऊ. हे जुने विणकरांचे गाव, जवळच गुमगावची मँगनीज खाण. व्यायामाचा विषय काढला की इथे एक उत्तर ठरलेले असते: आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम? हे उत्तर आम्हीही दिलेले आहे. पण राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. राबण्यात एकच सांधा झिजतो, श्वास धुळीचा असतो, थांबायचे कधी ते दुसरा ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सांगते. ज्यांच्याकडे मोकळा वेळ आणि मोकळी जागा आहे त्यांना ती जमते. बाकीच्यांच्या वाट्याला गुडघेदुखी, साखर आणि दवाखान्याची रांग येते.

एकट्या कुणाच्याने हे होणार नाही. विहाराकडे अंगण आहे, शाळेकडे मैदान, नगर परिषदेच्या हाती दिवाबत्ती आणि रस्ते, आशाताईंकडे घरोघरची माहिती. चौघांनी एका सतरंजीवर बसायला हवे, एवढेच. आम्ही वस्तीतल्या काही बायांना विचारले, तर पहिली गोष्ट वेळेचीच निघाली. आपले पुरुष पहाटे पाचची वेळ ठरवून मोकळे होतात. तेव्हा बाई पाणी भरत असते, नाहीतर डबा करत असते. त्यांनी रात्रीचे आठ सांगितले, जेवणे आटोपल्यावर, विहाराच्या अंगणात, शिकवायला बाईच हवी. पोटभर जेवून कवायत व्हायची नाही, पण अर्धा तास चालणे होईल. हरदासांनीही शाळा रात्रीच भरवली होती, कारण शिकणारे दिवसा कामावर असत. येत्या पौर्णिमेला विहारात बैठक आहे. आठची वेळ आम्ही तिथे मांडणार आहोत.