सामाईक विहीर

सुरुवात एका कबुलीने करतो. गेल्या वर्षी मी आमच्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटर रूमचा सेक्रेटरी होतो. सबमिशनच्या तोंडावर कॉमन सर्व्हरची डिस्क ठासून भरली. निम्मे पिक्चर, उरलेली गाणी आणि त्यातच कुठेतरी आपला अभ्यास! शिव्या खाऊन वैतागलो आणि एका रात्री बसून, दोन महिन्यांत कुणी हात न लावलेले सगळे फोल्डर उडवून टाकले. सकाळी कळलं, त्यात फायनल इयरच्या एका मित्राच्या प्रोजेक्टची रीडिंग्ज होती. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. तो मला एक शब्दही बोलला नाही. मेसमध्ये ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला, इतकंच.

त्यानंतर लायब्ररीत बसलो असताना होमी भाभांचं चरित्र हातात आलं. भाभा म्हणजे अणुऊर्जा आणि ट्रॉम्बे, एवढंच मला शाळेपासून पाठ होतं. पण त्या चरित्रात मला एक कॉम्प्युटर भेटला, आणि माझ्या डोक्यात घोळत असलेल्या प्रश्नाचं उत्तरही.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. आत्या मेहेरबाई दोराबजी टाटांना दिलेली. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या उद्योगात यावं, ही घरच्यांची इच्छा. (आपल्यापैकी किती जणांची हीच गोष्ट आहे!) म्हणून 1927 साली स्वारी केंब्रिजला मेकॅनिकल शिकायला गेली. मन मात्र फिजिक्समध्ये अडकलेलं. वडिलांनी सरळ सौदा केला: आधी मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आण, मग गणिताचा खर्च मी करतो. 1930 मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास आणला आणि वडिलांनीही शब्द पाळला. 1935 मध्ये पीएच.डी. झाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांचं गणित आजही 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने शिकवतात. 1937 मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला.

1939 मध्ये ते सुट्टीसाठी घरी आले आणि युरोपात युद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद! मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, रामन यांच्या विभागात, त्यांनी विश्वकिरणांचं काम सुरू केलं. 1941 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, वय अवघं 31. परदेशात जागा मिळणं अवघड नव्हतं. पण 1944 च्या मार्चमध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि मूलभूत संशोधनासाठी इथेच संस्था हवी असा आग्रह धरला. 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपली टीआयएफआर, बंगळूरला सुरू झाली. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली, आणि पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये. भाभा चित्रं काढत, संगीत ऐकत, झाडांवर जीव लावत. त्याबद्दल खूप लिहून झालंय, म्हणून इथे थांबतो.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. अणुभट्टीचं डिझाइन असो की विश्वकिरणांची मोजमापं, सगळ्याच्या शेवटी आकडेमोडीचा डोंगर उभा राहतो. हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर हा डोंगर कुठवर उपसणार? तेव्हा 1954 च्या सुमारास भाभांनी ठरवलं, कॉम्प्युटर आपणच बनवायचा. ही जबाबदारी अमेरिकेतून शिकून आलेल्या आर. नरसिंहन यांच्याकडे आली. टीम मोजक्या पोरांची. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कॉम्प्युटर बनवणं सोडाच, कधी वापरलाही नव्हता! तरी 1956 मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चालू झालं आणि 1960 मध्ये पूर्ण मशीन. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी 40 बिटांच्या 2,048 शब्दांची. हिशोब केला तर जेमतेम 10 केबी. या लेखाची फाइलसुद्धा त्यात मावली नसती. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टीफ्रॅक' असं बारसं केलं.

पण मशीन उभं राहीपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं, आणि मेमरीही अपुरी पडू लागली होती. आपण असतो तर एवढी मेहनत केलेल्या मशीनला कवटाळून बसलो असतो. भाभांनी तसं होऊ दिलं नाही. 1964 मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकन बनावटीचं सीडीसी 3600 हे मोठं मशीन आलं. मग टीफ्रॅक वाया गेलं का? मुळीच नाही. टीफ्रॅक बांधताना मशीनच्या पोटात हात घातलेली माणसं तयार झाली होती, म्हणून हे परदेशी मशीन त्यांना परकं वाटलं नाही. आधी माणसं, मग मशीन, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. असं महागडं मशीन कुणी स्वतःच्या संस्थेपुरतं कुलपात ठेवलं असतं तर फारसं नवल वाटलं नसतं. पण हे मशीन देशाचं सामाईक संगणक केंद्र झालं. ट्रॉम्बेचे लोक तर होतेच, शिवाय विद्यापीठं आणि दुसऱ्या प्रयोगशाळाही त्यावर आपली गणितं सोडवून घेत. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, नंबर लागला की मशीन तो वाचणार, आणि मग छापील कागद हातात. कार्डांत एक चूक झाली की पुन्हा रांगेत! पण रांग सगळ्यांना एकच, आणि आपला गठ्ठा आपल्या ताब्यात.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाला निघालेले भाभा माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात गेले. वय फक्त 56. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा इलेक्ट्रॉनिक्सवरचा अहवाल त्याच वर्षी पुढे आला, त्यात कॉम्प्युटरचाही विचार होता.

आज कुलाब्याच्या त्याच टीआयएफआरमध्ये सर्नच्या 'सीएमएस' प्रयोगासाठी संगणक केंद्र चालतं. जगभरातली सुमारे 170 केंद्रं जोडलेल्या ग्रिडचा तो एक भाग. प्रयोगाचा मूळ डेटा तिथे एकाच ठिकाणी ठेवत नाहीत. एक प्रत सर्नमध्ये टेपवर, दुसरी वेगवेगळ्या देशांतल्या मोठ्या केंद्रांत वाटलेली. कुणाला किती जागा, काय ठेवायचं, काय काढायचं, हे आधी ठरतं. रात्री वैतागून एकटा सेक्रेटरी ठरवत नाही!

आमच्या गावाकडे सामाईक विहिरीचं असंच होतं. पाणी सगळ्यांना हवं असतं, पण गाळ काढायची वेळ आली की घरटी एक निमित्त तयार. मग कुणीतरी चिडून एकटाच उतरतो आणि नको ते करून बसतो. मी तेच केलं. जागा कमी पडली म्हणून ती रीडिंग्ज गेली नाहीत. नियम नव्हता, दुसरी प्रत नव्हती, आणि मी विचारायची तसदी घेतली नाही, म्हणून गेली.

शेवटी मित्रासोबत तीन आठवडे लॅबमध्ये बसून सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली. पहिले चार दिवस तो कामापुरतंच बोलला. पाचव्या दिवशी चहा सांगताना दोन सांगितले. आता कॉम्प्युटर रूमच्या दारावर कागद चिकटवलाय: प्रत्येक फोल्डरवर मालकाचं नाव, काढण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, आणि प्रोजेक्टची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. यंदाच्या सेक्रेटरीला एवढंच सांगणं आहे, तो कागद फाटला तर नवीन लाव.

मित्र पास होऊन नोकरीला लागला. हा अंक त्याला पोस्टाने पाठवणार आहे.