वंशावळीत रोग वाचणारे डॉ. अल्पोर्ट

लघवीतून रक्त गेले, की मुतखडा किंवा जंतुसंसर्ग हीच शंका प्रथम येते. मात्र रुग्ण लहान मुलगा असेल, तर चिखलोलीतील दवाखाना असो वा मुंबईतील मोठे रुग्णालय, डॉक्टरांनी आणखी एक चौकशी करायला हवी, ती म्हणजे घरात कोणाला कमी ऐकू येते का? मूत्रपिंड आणि कान यांचे हे आनुवंशिक नाते ठळकपणे जगापुढे मांडले ते डॉ. आर्थर सेसिल अल्पोर्ट यांनी.

अल्पोर्ट यांचा जन्म १८८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले आणि १९१९ मध्ये हिवतापावर पुस्तक लिहिले. पुढे ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात रुजू झाले.

तेथे त्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास केला. या कुटुंबातील अनेकांच्या लघवीतून रक्त जाते, हे गथ्री यांनी १९०२ मध्येच नोंदविले होते. अल्पोर्ट यांनी पुढच्या पिढीचीही तपासणी केली, तेव्हा अनेक रुग्णांना बहिरेपणही असल्याचे दिसले. शिवाय पुरुष तरुणपणीच दगावत, तर स्त्रिया बहुधा दीर्घायुषी ठरत. १९२७ मध्ये ही निरीक्षणे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

१९३७ मध्ये ते कैरोला प्राध्यापक म्हणून गेले. तेथील रुग्णालयांत गोरगरिबांची हेळसांड आणि भ्रष्टाचार चालतो, असा आरोप करून त्यांनी व्यवस्थेशी झुंज घेतली. अखेर त्यांनी पद सोडले आणि १९४६ मध्ये या अनुभवांवर पुस्तक काढले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये या विकाराला ‘अल्पोर्ट सिंड्रोम’ हे नाव मिळाले. तो गौरव पाहायला ते हयात नव्हते.

या रोगाचे मूळ १९९० मध्ये उलगडले. मूत्रपिंडाच्या गाळणीतील विशिष्ट कोलॅजन प्रथिनाचा जनुक बहुतेक कुटुंबांत एक्स गुणसूत्रावर सदोष असतो. हेच प्रथिन कानात व डोळ्यातही असते. पुरुषांत एकच एक्स गुणसूत्र असल्याने त्यांना झळ अधिक बसते. परंतु स्त्रियांचे मूत्रपिंडही निकामी होऊ शकते, हे आता स्पष्ट झाले आहे. लघवीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, श्रवणचाचणी, गरजेनुसार बायोप्सी आणि जनुकीय चाचणी यांतून निदान होते. ते वेळीच झाल्यास रामिप्रिलसारख्या औषधांनी डायलिसिसची वेळ पुष्कळ लांबविता येते. आईने वा बहिणीने मूत्रपिंड देण्याचे ठरविल्यास तिचीही तपासणी आवश्यक ठरते.

चाचण्या आधुनिक झाल्या, तरी निदानाची सुरुवात अल्पोर्ट यांच्याच वाटेने होते. रुग्णासोबत त्याच्या कुटुंबाचीही विचारपूस करावी लागते.